खोडलेलं कलम

मी नोट उजेडात धरून पाहतो. बँकेतून आलेली असली तरी पाहतो. गॅसचं सिलेंडर घरच्या काट्यावर चढवतो, आणि पोरीच्या लग्नात आचाऱ्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो होतो, हे लोक अजून रंगवून सांगतात. सांगू देत. खोटं नाही ते. डाळीच्या धंद्यात डोळे झाकून बसणाऱ्याच्या पदरात खडेच पडतात. मारेगावात माझी डाळमिल तीस वर्षं उभी आहे ती या शकावरच.

जगात एकाच माणसाने माझ्यावर कधी शक घेतला नाही, ती माझी बायको इंदू. बँकेचा कागद असो की मिलच्या कर्जाचा, मी बोट ठेवीन तिथे ती सही करते. वाचत नाही. सातवी शिकली आहे, वाचता येतं, तरी वाचत नाही.

गेल्या वर्षी मी सुटी डाळ विकणं कमी करून पाकिटं काढायचं ठरवलं. नाव ठेवलं ‘इंदू छाप तूरडाळ’. पाकिटावर चेहरा हवा होता, आणि घरात हा चेहरा असताना बाहेर कशाला शोधायचा? हसली की इंदूच्या डाव्या गालाला खळी पडते, आणि बघणाऱ्याला वाटतं, ही बाई खोटं बोलणारच नाही. आठवडाभर ती नाही म्हणत होती.

“माह्यं थोबाड कायले बाजारात नेता?”

“थोबाड नाई इंदू, इमान म्हन.”

शेवटी तयार झाली, पण अट घातली. “पाकिटावर अन् आपल्या मिलच्या बोर्डावर. दुसरं कुठी दिसलं नाई पाह्यजे.” मी हो म्हटलं. तेव्हा मनापासून म्हटलं.

फोटो काढायला राजूरची दीपा आली. बाप कोळसा खाणीत, पोरगी नागपुरात फोटोग्राफी शिकून आलेली. स्कूटीवर एक पिशवी घेऊन आली आणि अख्खी सकाळ अंगणात इंदूला सूप हातात देऊन बसवलं. हसवत काय होती, माहेरच्या गोष्टी काढत काय होती. दुपारी दोघी एका ताटाशी बसून वांग्याची भाजी खात होत्या. कामाचा माणूस फार गोड बोलायला लागला की मी आधी कपाटाची किल्ली चाचपतो. तेव्हाही चाचपली.

आणि माझा शक खरा ठरला, असं मला वाटलं, कारण जेवण झाल्यावर पोरीने पिशवीतून दोन पानी कागद काढला. दिवसभराच्या कामाची फी वेगळी, फोटो वापरण्याची वेगळी. पाकिटावर दोन वर्षं वापरायचा. मिलवर दोन बोर्ड. त्याहून जास्त काही करायचं असेल तर तिला विचारायचं आणि वेगळे पैसे द्यायचे.

“पैसे मी देनार, बायको माही, अन् हक्क तुया? हे कोनतं गनित?” मी म्हणालो.

“काका, फोटो म्या काढला. तुमाले वापराले देऊन राह्यली. वखरासाठी कोनाची बैलजोडी आनली, तर तिच्यावर वरात थोडीच नेता?”

“लग्नातला फोटोवाला सगळंच्या सगळं पेनड्राइव्हमंदी भरून देते. तो नाई असा कागद काढत.”

“लग्नातला फोटो घरात राह्यते. हा बाजारात जाईन.”

बोलायला कुणाला ऐकत नव्हती. दोन तास घासाघीस झाली. अखेर मी म्हटलं, एकदाच काय ती रक्कम घे आणि सगळे हक्क मला दे, म्हणजे तुझं तोंड पुन्हा बघायला नको. तिने जरा विचार केला, रक्कम सांगितली, मी दिली. माझ्याच पेनाने मी तिन्ही कलमं खोडली. चौथ्यावर तिने हात ठेवला.

“हे राहू द्या काका. हे माह्यासाठी नाई, काकूसाठी हाय.”

चौथ्या कलमात लिहिलं होतं, की फोटोतल्या बाईला विचारल्याशिवाय हा फोटो दुसऱ्या कोणालाही द्यायचा नाही. खाली इंदूच्या सहीसाठी जागा सोडली होती.

मला रागच आला. काल आलेली पोरगी मला माझ्या घरात कायदा शिकवते! “माह्या बायकोची मर्जी मले समजते,” म्हणालो, आणि ते कलम दोनदा खोडलं, खालचं अक्षर दिसू नये असं. शेजारी सही ठोकली. इंदू तेव्हा आत चहा करत होती. तिला मी यातलं काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं वाटलंच नाही. दीपाने जाताना खोडलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. कागद हातात असताना त्याचा फोटो कशाला, म्हणून मी तिच्या स्कूटीचा नंबर लिहून ठेवला.

पाकिटं झकास निघाली. वणीतल्या रजतच्या फ्लेक्सच्या दुकानातून मी मिलसाठी बोर्ड करून घेतले. इंदूचं कुंकू फोटोत बारीक दिसत होतं, ते त्याच्याकडून चांगलं रुपयाएवढं करवून घेतलं. दोन बोर्डांचे पैसे दिले, तिसरा फुकटात पाडून घेतला. याला म्हणतात व्यवहार. घरी येऊन इंदूला फुशारकीने सांगितलंही.

पोळा होऊन चार दिवस झाले असतील. पंजाबराव मुकुटबनहून तूर घेऊन येतो, तो काट्यावर गाडी उभी करून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “काय सदाशिवराव, सुटली का मंग?”

“काय सुटली?”

त्याने मोबाइल पुढे केला. मुकुटबनच्या स्टँडसमोरचा बोर्ड, चांगला दहा फुटी. त्यावर माझी इंदू हसते आहे, गालाला खळी, आणि शेजारी भल्या मोठ्या अक्षरात: ‘माझ्या मालकाची दारू सुटली! त्यांना न सांगता रोज भाजीत मिसळलं.’ खाली कुठल्याशा चूर्णाच्या पुड्या आणि फोन नंबर.

मी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. पण खरं सांगतो, मला माझी लाज पहिल्यांदा आठवली नाही. मुकुटबन हे इंदूचं माहेर आहे.

घरी आलो तर ती ओट्याजवळ खाली बसली होती, फोन मांडीत. भावाने आधीच कळवलं होतं. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

“माह्या मायनं चार वर्सं बापाच्या भाजीत अंगारे मिसळले,” ती म्हणाली. “जो जे सांगन ते. बाप त्याच दारूत गेला. साऱ्या गावाले ठावं हाय. म्या तिथून निंगतानी कसम खाल्ली होती का दारूचं नाव तोंडातून काढनार नाई. अन् आता त्याच स्टँडवर मी हासून राह्यली.”

मला जे नेहमी सुचतं तेच सुचलं. “त्या दीपानं विकला. म्या पयल्याच दिवशी ओळखलं होतं.”

“दीपा असं नाई करनार.”

“तुले मानसं समजत नाई इंदू.”

मी मोटरसायकल काढली ती थेट राजूरला. रस्ताभर मनात तिच्या एकेक गोष्टी जुळवत होतो: तो गोडवा, ते एका ताटात जेवणं, तो कागदाचा फोटो. सगळं कसं चपखल बसत होतं. दीपा घरीच होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली टेबलावर तिचे कॅमेरे. मी दारातूनच सुरू झालो. पोलिसांत देतो म्हणालो, धंदा बसवतो म्हणालो, आणखी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचा बाप आतून उठून आला. तिने हाताने त्याला थांबवलं.

“झालं काका? आता बोर्ड दाखवा.”

मी फोन दिला. तिने बोर्ड मोठा करून पाहिला, मग आपल्या कॉम्प्युटरवर तिने काढलेला फोटो उघडला आणि दोन्ही शेजारी धरले. “काकूचं कुंकू पाहा,” म्हणाली.

तिच्या फोटोत कुंकू बारीक होतं. बोर्डावर रुपयाएवढं.

“हे म्या नाई मोठं केलं. कोनं केलं?”

मी खाली बसलो. तिने पाणी आणून दिलं, ते प्यायची माझी लायकी नव्हती, तरी प्यालो.

रजतच्या दुकानात पोचलो तेव्हा तो कुणाच्या तरी वाढदिवसाचा बोर्ड छापत होता. मी काही विचारायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावरून समजलं. “काका, त्या दिवशी म्याच विचारलं ना तुमाले? फोटो लय भारी हाय, माह्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामाले वापरू का? तुमी म्हनले, तिसरा बोर्ड फुकट दे, मंग काय कराचं ते कर. अन् तुमीच म्हनले का बिनलिहिलेलं मी मानत नाई.”

त्याने ड्रॉवरमधून बिलाची प्रत काढली. मागे माझं अक्षर, माझी सही. ‘तिसरा बोर्ड विनामूल्य. बदल्यात फोटो रजतने इतर कामाला वापरावा.’ त्याने मला फसवू नये म्हणून मीच लिहिलं होतं. बोर्डाची किंमत बाराशे रुपये.

तेव्हा मी काय विचार केला होता, हे मी फार आठवून पाहिलं. काहीच केला नव्हता. डोळ्यांपुढे फक्त फुकटचा बोर्ड होता.

“चूर्णाच्या पार्टीनं अकरा बोर्ड लावले,” रजत म्हणाला. “म्या उतरवा म्हनून पाह्यलं. ते म्हनते, मालकाची चिठ्ठी हाय.”

दुकानाबाहेर उभं राहून मी दीपाला फोन लावला. माफी मागायची होती, त्याऐवजी बिलामागची माझी चिठ्ठी तिला वाचून दाखवली. ऐकून ती म्हणाली, “तुमी तर सारं देऊन बसले काका. आता बोलू शकते त्या काकूच. चेहरा त्याइचा हाय अन् त्याइले कोनं विचारलं नाई. मी पोलिस ठान्यासाठी अर्ज लिवून देते. सही मातर त्याइची लागन. अन् आंधी त्याइले सारं सांगा लागन.”

राजूरहून अर्ज घेऊन मी घरी आलो. आता जे सांगतो ते सांगायला मला आवडत नाही. अर्जात दुसऱ्या परिच्छेदात माझं नाव होतं, चिठ्ठीचा उल्लेख होता. आणि मला ठाऊक होतं की इंदू वाचत नाही. कागद पुढे केला, सहीच्या जागी बोट ठेवलं, की काम झालं. बोर्ड उतरतील, दोष रजतवर जाईल, संसार आहे तसा चालेल. मी कागद तिच्यापुढे ठेवला. बोटही ठेवलं. तिने पेन उघडलं.

“थांब,” मी म्हणालो. “वाच आंधी.”

तिने माझ्याकडे पाहिलं, चष्मा आणला आणि वाचलं. मध्ये एकदा थांबून मागची ओळ पुन्हा वाचली. मग मी उरलेलं सांगितलं, खोडलेल्या कलमासकट.

तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, “बाराशे?”

“बाराशे.”

“म्या त्या फोटोत हासली काहून, ठावं हाय तुमाले? दीपा म्हने, काकू, कोनासाठी हासू नका, उगा हासा. म्या म्हटलं, ह्याइनं सांगतलं हाय का बाहीर कुठी जानार नाई, मंग हासाले काय जाते.” तिने अर्ज आपल्याकडे ओढला. “अन् त्या पोरीवर मातर शक घेतला.”

मी मान खाली घातली.

तिने सही केली. पंधरा दिवसांत बोर्ड उतरले. मुकुटबनचा उतरवताना इंदूचा भाऊ तिथे उभा होता. वणीकडचा एक वाऱ्याने आधीच फाटला होता, त्यावर फक्त खळीचा गाल उरला होता. तो मी स्वतः चढून काढला.

मग एके दिवशी इंदूनेच दीपाला बोलावून घेतलं. पाकिटावर चेहरा ठेवायचा की नाही, हे माझ्याशी नाही, तिच्याशी बोलली. ठेवायचा ठरला, पण नवीन कागद करून. चौथं कलम आता पहिलं झालं होतं. दीपाने सही केली, इंदूने केली, आणि शेवटी कागद माझ्याकडे सरकवला. मी न वाचता सही केली. वाटलं, एवढं तरी करावं.

दीपाला चहा दे म्हणून मी इंदूला म्हणणार होतो, तर ती कागद घेऊन खिडकीशी गेली होती. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, कुठे काही खोडलंय का ते पाहिलं. मग माझी सही तिने उजेडात धरून पाहिली.