न बोलताही नाचणारं पाणी

मी बागेतली पाण्याची थाळी बोलतेय. मला बघून तुम्ही टाळ्या वाजवता ना, त्या टाळ्यांचीच मला शिसारी येते.

मला घडवणाऱ्या कलाकार बाईंनी कारखान्यात तीन कारागिरांशी भांडून माझा काठ सरळ करून घेतला. मी पोलादी, उथळ, चार बोटं पाणी मावेल एवढी. पोटाखाली स्पीकर, काठावर माइक; माइकमधला आवाज स्पीकरमधून पाण्याला थरथरवायचा. कुणी हळू बोललं की बारीक वलयं उठायची, मोठ्याने बोललं की जाळीदार नक्षी. "इथे कुणाचाही आवाज चालेल," बाई म्हणाल्या होत्या. मी ते खरं मानलं.

लोक माझ्यात थुंकले, वेफर्सची पाकिटं टाकली, माइकमध्ये शिव्या हासडल्या. शिव्यांचीही नक्षी निघते, काय करणार! सोसलं.

मग एक म्हातारं जोडपं येऊ लागलं. छापखान्यातल्या यंत्रांनी म्हाताऱ्याचे कान कायमचे खाल्ले होते. बायको माइकशी वाकून बोलायची, तो पाणी बघायचा.

"अगं, हे टोकदार काय उठलं? रागावलीस?"

"चाळीस वर्षं सांगतेय, ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नका. आता तरी दिसलं का?"

तो लहान पोरासारखा हसायचा.

माझ्या पहिल्या वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे आले. माइकपासून हातभर लांब उभे राहून काहीतरी पुटपुटले. पाणी ढिम्म. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्याच दिवशी बागेच्या साहेबांनी माइकची वायर कापून स्पीकरला थांबून थांबून वाजणारी, कानाला जेमतेम ऐकू येईल अशी रेकॉर्ड केलेली धून जोडली. "पुन्हा कुणाचा अपमान नको," म्हणाले. माइक मात्र शोभेला तसाच ठेवला. लाज कशी ती नाहीच!

आठवड्याने ते म्हातारे नवरा-बायको आले. दुसऱ्या दिवशी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहील अशी हमी डॉक्टरांनी दिली नव्हती.

"एकदा मला हाक मार," तो म्हणाला. "डोळे भरून बघतो."

तिने हाक मारली. नेमकी तेव्हाच धून सुरू झाली, पाण्यावर फुलं उमटली. त्याचे डोळे पाणावले. तेवढ्यात तिला ठसका लागला, ती तोंड मिटून उभी राहिली. फुलं उमटतच राहिली.

"तू तर गप्प आहेस. मग हे कोण बोलतंय?"

बागेतला झाडूवाला हातवारे करत ओरडला, "काका, आता बोलायची गरजच नाही! आपोआप नाचतं!"

म्हाताऱ्याला शब्द ऐकू आले नाहीत, पण हातवारे कळले. त्याने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं कुणी थुंकतानाही पाहिलं नव्हतं. मला माझ्याच पाण्याची किळस आली.

तो बाकावर बसला. बायकोच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाला, "हं, आता मार हाक." तिने मारली. तो डोळे मिटून बसून राहिला. माझ्याकडे पुन्हा वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ते आले नाहीत. मी नाचतेय. तुमच्यात कुणाला वायर जोडता येत असेल तर जोडा. येत नसेल तर हे पाणी उपसून टाका. कोरडी थाळी निदान कुणाला फसवणार नाही.