थंड पाण्याची उकळी

विस्तव नाही, शेगडी नाही, आणि काचेच्या बंद बरणीतलं पाणी खळखळ उकळायला लागलं. सभागृहात सगळ्यांनी आ वासला. शीतलबाबांनी झाकण काढून ते पाणी पुढच्या रांगेवर शिंपडलं. गारेगार! मंचाखालून घरघर येत होती, तिला बाबा पृथ्वीचा श्वास म्हणत. पृथ्वीला भलताच दमा झालेला दिसत होता.

पुढच्या रांगेत माझी ताई बसली होती. तिच्या लेकीला लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. हे पाणी प्यायचं तर सुई बंद, अशी बाबांची अट. ताईने सुई बंद केली. पोरगी धापा टाकायला लागली तेव्हा घाबरून तिने एकदाच चोरून सुई टोचली, पण फार उशीर झाला होता. माझी भाची गेली. बाबांनी निकाल दिला, "तुझ्या सुईनं पाणी बाटलं." तेव्हापासून ताई दर बैठकीला क्षमा मागायला येत होती.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मला राहवलं नाही. बरणी पुन्हा उकळायला लागताच मी मंचावर चढलो आणि कापडाखालची नळी उपसली. सूं करून हवा आत शिरली, उकळी बसली. नळी लावली, पुन्हा उकळी.

"खाली पंप आहे," मी लोकांना सांगितलं. "तो बरणीतली हवा ओढून घेतो. वरचा दाब उतरला की पाणी थंडच उकळतं. त्यानं साधे जंतू मरत नाहीत, रोग कुठला बरा होतोय?"

बाबा माझ्या मलिन आत्म्याबद्दल काहीबाही बोलले आणि चपला शोधायला लागले.

ताई जवळ आली. "म्हणजे माझ्या सुईनं काही बिघडलं नाही?"

"नाही, ताई."

तिचा चेहरा क्षणभर सैल झाला. मग तिने हळूच विचारलं, "मग रोज दिली असती तर?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण खोट्यानेच आमची पोर नेली होती.

"जगली असती," मी म्हणालो.

ताई रडली नाही. मागे एक बाई आजारी मुलाला मांडीवर घेऊन, त्या पाण्याची बाटली धरून बसली होती. ताई तिच्यापुढे खाली बसली.

"डॉक्टरांचं औषध बंद करू नकोस, बाई. कुणी काहीही उकळून दाखवलं तरी आधी विचार, हे कसं केलंस म्हणून. मी विचारलं नाही."