तिघांचा म्हातारा

तालमीच्या खोलीत त्या दिवशी सहा जण होते: पाच माणसं आणि एक बाहुला. बाहुल्याला दोन हात, दोन पाय आणि बावीस सुरकुत्या. माणसांपैकी तिघं त्याला हलवत होती. डोकं माझ्या बाबांकडे, हात काकाकडे, पाय आत्याकडे. चौथी मी, दिव्यांपाशी. पाचवे आजोबा, समोर खुर्चीत.

नाटक त्यांच्यावरच होतं. वडिलांच्या म्हातारपणावर काहीतरी खरंखुरं करायचं असं या तिघा भावंडांनी ठरवलं होतं, आणि त्यांना भेटायला वेळ नसल्यामुळे कल्पनेवर भागवलं होतं. बाहुला उठायचा तेव्हा आधी बाबा श्वास घ्यायचे. त्या श्वासावर काका कोपर उचलायचा, आत्या गुडघा. बाहुल्यावरून नजर हटवायची नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, हा त्यांच्या कामाचा नियम. एकदा मी त्याला जमिनीवर ठेवला, तर आत्या दिवसभर माझ्याशी बोलली नव्हती.

चहाच्या सुट्टीत आजोबांना तहान लागली. उठण्याआधी त्यांनी जरा मोठा श्वास घेतला, आणि झालं. बाबांनी त्यांची मान धरली, काकाने कोपर, आणि आत्याने खाली बसून उजवा पाय उचलला. आजोबा नेमके त्याच पायावर भार देत होते. ते धपकन पुन्हा खुर्चीत बसले.

"बघितलंस दादा?" काका म्हणाला. "अण्णांचा तोल जातो."

पाय आत्याने उचलला होता, हे मी सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, तू पदार्थविज्ञान शिकलीस, माणसं नाही. मग आजोबांच्या देखतच चर्चा सुरू झाली. त्यांनी आता घरी एकटं राहणं धोक्याचं होतं. वृद्धाश्रम हा शब्द कुणी उच्चारला नाही. आत्या 'छान सोय' म्हणाली, बाबा 'मोकळी हवा'. शिवाय बाहुल्याला कोरडी जागा हवीच होती, आणि समोरच्या इमारतीतलं आजोबांचं घर एकदम कोरडं होतं. ते रिकामं झालं की बाहुल्याची सोय आपोआप होणार होती.

"तिथे त्याच्याकडे बघणार कोण?" आजोबांनी विचारलं.

"आम्ही आहोत ना," आत्या म्हणाली. "आळीपाळीने रोज येऊ."

"रोज येणार असाल तर मीही राहतो की. दार तरी उघडेन."

"अण्णा, तुम्हाला उठवायला तीन माणसं लागतात," काका म्हणाला.

"ती याला लागतात."

आजोबा उठले, बाहुला खांद्यावर घेतला आणि चालू लागले. मागून तिघंही धावली. बाबा त्याची मान सावरत होते, काका लोंबणारे हात, आत्या पाय. आजोबांना कुणीच धरलं नव्हतं. रस्ता ओलांडून सगळी वरात जिना चढू लागली. तिसऱ्या मजल्यावर आजोबांनी कुलूप उघडलं, बाहुल्याला कोचावर बसवलं आणि किल्ली परत स्वतःच्या खिशात टाकली.

मी दारातच सगळ्यांची नाडी मोजली. आजोबा ९६. काका १३८. बाबा १४२. आत्या अजून दुसऱ्या मजल्यावर होती.