गुडघ्याचं नाटक

आमच्या वाडीत गुडघा दुखला की पहिला डॉक्टर म्हणजे टाच. दुखणाऱ्याला पालथं झोपवायचं अन् एखाद्या वजनदार माणसाला त्याच्या पायावर उभं करायचं. नस चढली आहे, ती उतरेल म्हणे. कोणाची उतरली, ते मात्र आजवर कोणी सांगितलं नाही.

माझीही उतरवली. कबड्डीच्या सरावात पकड करताना वाकलेला उजवा गुडघा कडक मैदानावर सरळ आपटला. कळ उठली ती मागे, पोटरीच्या वर, जिथे पाय दुमडतो तिथे. आमच्या मंडळाचे कोच चंपतराव मास्तर पोट खाजवत आले.

"नस चढली वं, उन्नती. पालथी हो. ए गुंजन, राहा उभी तिच्यावर."

गुंजन आमची रेडर. तिने गुडघ्यामागे टाच ठेवली अन् भार टाकला. मी किंचाळले. पोरी हसल्या. मास्तर म्हणाले, "झालं. उतरली."

काही उतरलं नव्हतं. सपाटीवर चालणं धकायचं, पण जिना उतरताना गुडघा खाली निसटल्यासारखा व्हायचा. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या खोलीत. मी पायरीपायरीवर बूड टेकत उतरायची, रांगत्या पोरासारखी. तशीच मैदानावर गेले, तर मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "हाड तुटलं नाही, रक्त नाही. मंग दुखून काय राहिलं? नाटक आहे सारं. मेहनत नको पोरीले."

माझी जागा दुसरीला दिली. एवढ्यावर थांबला असता तर तो मास्तर कसला! घरी येऊन आईला म्हणाला, "प्रेमलताबाई, लग्न उरकून टाका इचं. खेळणं संपलं."

आई वाडीतल्याच एका गोदामात पॅकिंगला आहे. खोके चिकटवून चिकटवून तिच्या बोटांची कातडी खरखरीत झाली आहे, अन् जीभही. तिने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

"मास्तर, तुमाले गुडघ्यातलं समजते का लग्नातलं? एक कायतरी नक्की करा."

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली अन् मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे हाडांच्या डॉक्टर भैरवी मॅडम. त्यांनी मला उताणं झोपवलं, दोन्ही गुडघे वाकवून तळवे पलंगावर टेकवायला लावले अन् आईला म्हणाल्या, "बाजूने बघा." डावी नडगी नीट होती. उजवी मागे खचलेली. आईलाही दिसलं. ज्याला दोन डोळे आहेत त्याला दिसलं असतं; मास्तरने पाहिलंच नव्हतं.

एक्स-रे निघाले, एमआरआयच्या मशीनमधूनही मी जाऊन आले. मॅडम म्हणाल्या, "मागचा लिगामेंट फाटलाय. नडगीला मागे सरकू देत नाही तो दोर. सगळा तुटलेला नाही, म्हणून ऑपरेशन नको. पट्टा बांधायचा अन् मांडीचा पुढचा भाग दगडासारखा करायचा. दोराचं काम मांडीने ओढायचं." मग विचारलं, "यावर कोणी चोळलं-बिळलं का?"

"एक जण उभी राहिली होती."

मॅडमनी पेन खाली ठेवला. "कशावर?"

"गुडघ्यावर. नस उतरवायला."

"मंग नस चढत नाही का, मॅडम?" आईने विचारलं.

"कुठे चढणार बाई ती?"

आईने जुन्या मोज्यात मिठाच्या पुड्या भरल्या अन् माझ्या घोट्याला बांधल्या. रोज भिंतीला टेकून पाय सरळ वर, खाली. वर, खाली. एकदा डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखून राहिलं का वं?"

"नाही."

"मंग रडून काहून राहिली?"

"राग येऊन राहिला."

"थांब, आणखी एक पुडी टाकते."

पुढच्या हिवाळ्यात मॅडमनी मला एका पायावर उठाबशा काढायला लावल्या, उड्या मारायला लावल्या अन् म्हणाल्या, "जा, खेळ." मास्तरच्या दारात मी गेलेच नाही. आईच्या गोदामातल्या पोरी गोळा केल्या. पोती ओढणाऱ्या पोरी. त्यांनी एकदा धरलं की सुटायचं नाव नको.

अन् वाडीच्या स्पर्धेत आमच्यासमोर आलं मास्तरचंच मंडळ.

गुण बरोबरीत. शेवटची रेड त्यांची, रेडर गुंजन. मी उजव्या कोपऱ्यात. मला ठाऊक होतं, मास्तर काय ओरडणार. म्हणून आधीच उजवा पाय जरासा ओढला, ओठ चावले, हात गुडघ्यामागे नेला. वर्षभर जे खरं होतं, ते मला पाठच होतं.

"उजव्या पायावर जा, गुंजन!" मास्तर बाहेरून ओरडला. "लंगडी आहे ते!"

गुंजन आली. खाली वाकून माझ्या उजव्या पायाकडे तिने पाय फेकला. तो पाय तिथे नव्हता. तो मागे सरकून, मांडीच्या जोरावर, खुंट्यासारखा रोवला होता, अन् तिचा घोटा माझ्या दोन्ही हातांत होता. तिने सगळं अंग मध्यरेषेकडे झोकलं. माझा गुडघा हलला नाही. तेवढ्यात गोदामाच्या पोरी तिच्यावर कोसळल्या अन् तिची कबड्डी कबड्डी धुळीत बुडाली.

शिट्टी. गुण आमचा. सामना आमचा.

मास्तर पंचांकडे धावला. "साहेब, हे चीटिंग आहे! नाटक केलं तिनं! पाय एकदम चांगला आहे तिचा!"

सगळ्या मैदानाने ऐकलं. खुर्च्यांमधून आई उभी राहिली, दोन बोटं तोंडात घातली अन् अशी शिट्टी मारली की पंचही दचकला.

"अजून एकदा बोला गा, मास्तर! जोरानं!"

खाली पडलेल्या गुंजनला मी हात दिला. तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

"खरंच दुखून नाही राहिलं?"

"नाही. उठ."

विजेत्यांसाठी एक उंच लाकडी मंच उभारला होता. ढाल घेऊन आम्ही वर चढलो. उतरताना आईने सवयीने हात पुढे केला. मी ढालच तिच्या हातात दिली अन् पायऱ्या सोडून सरळ खाली उडी मारली.