वर रुंद, खाली अरुंद

मित्रांनो, मी नरसाळे आहे. जुने आहे, पत्र्याचे आहे आणि एका कडेला थोडे चेपलेलेही आहे. तुमच्यातले निम्मे जण आता विचारतील, नरसाळे म्हणजे काय बुवा? खुशाल विचारा. माझे पोट त्याच प्रश्नावर चालते.

एका पत्रेवाल्याने मला घडवले. पत्रा कापला, गोल वळवला, खाली नळी जोडून डाग दिला. माझी भावंडे तेलाच्या दुकानात लागली आणि वर्षभरात अंगाने चांगली तुकतुकीत झाली. मला मात्र एका दवाखान्यात जागा मिळाली. आजवर माझ्यातून तेलाचा थेंब गेला नाही. लोकांची वाचा तपासणाऱ्या एका मॅडमच्या पेटीत मी राहते. शेजारी कंगवा, कात्री आणि कुलूप. कंगव्याने जन्मात केस पाहिला नाही, कात्रीने कापड पाहिले नाही. मॅडम आम्हाला एकेक करून उचलतात आणि समोरच्या माणसाला विचारतात, "हे काय आहे?" झाले आमचे काम. नुसते हजर राहून मान मिळवणारे जगात पुष्कळ आहेत, पण ते आमच्याइतके प्रामाणिकपणे कबूल करत नाहीत.

हे काम हलके समजू नका. काही माणसांचे शब्द उतारवयात, कधी त्याआधीही, हळूहळू निघून जाऊ लागतात. कुणाला वस्तू ओळखू येते, वापरता येते, फक्त नाव सापडत नाही. कुणाला कात्री हा शब्द ऐकूनही विचारावे लागते, कात्री म्हणजे काय? कुणाला सगळे ठाऊक असते, पण जीभ अडखळते आणि वाक्य मोडून पडते. यातले नेमके काय चालले आहे, ते मॅडम शोधतात. नावे विचारतात, अर्थ विचारतात, छोटी-मोठी वाक्ये आपल्यामागून म्हणायला लावतात. सोप्या वस्तू आधी आणि मी सगळ्यात शेवटी, कारण मी अवघड.

पुढे मी फारच अवघड झाले. धडधाकट तरुणही मला पाहून "फनेल" म्हणू लागले. "याला आता काढून टाकावं," असे मॅडम एकदा माझ्या तोंडावर म्हणाल्या. मला वाईट वाटले, पण पत्र्याचा चेहरा असल्याने कुणाला दिसले नाही.

त्याच आठवड्यात किल्लीवाले काका आले. उभा जन्म त्यांनी किल्ल्या घासण्यात आणि थट्टामस्करीत घालवलेला. बरोबर काकू आणि चिरंजीव.

"काका, तुमचा दिवस कसा जातो?" मॅडमनी विचारले.

"सकाळी उठतात, चहा घेतात, पेपर बघतात," काकूंनी सांगितले.

"काकू, त्यांना बोलू द्या ना."

"मी कुठे बोलतेय? ते जे म्हणणार तेच सांगतेय."

चिरंजीव म्हणाले, "मॅडम, बाबांचं डोकं चालत नाही हो आता. गिऱ्हाईक काही विचारतं, हे नुसते बघत बसतात. मी दुकान बंद केलंय. किल्ली माझ्याकडेच असते."

म्हणजे किल्लीवाल्याच्या दुकानाला त्याच्याच मुलाने कुलूप घातले होते.  काका खिडकीकडे बघत राहिले.

तपासणी सुरू झाली. काकांनी कंगवा सांगितला, कात्री जरा थांबून सांगितली. मग मॅडमनी कुलूप उचलले. काकांनी ते हातात घेतले, उलटे केले, खाचेवरून बोट फिरवले. "हे... आपलं... दाराला..." नाव आले नाही. ज्याच्यावर आयुष्य काढले त्याचेच नाव येईना. काकूंनी पदराने डोळे टिपले.

काकांनी ते पाहिले. पुढे मी टेबलावर आले. त्यांनी मला उचलले, काकूंकडे एक नजर टाकली आणि नळीकडून माझ्यात फुंकून जोरात पिपाणी वाजवली.

"बघा," चिरंजीव हताश होऊन म्हणाले. "हे कशासाठी असतं, तेही कळत नाही."

मॅडमना मात्र काकांच्या डोळ्यांत काहीतरी दिसले. त्यांनी एक बारीक तोंडाची बाटली आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. काकांनी मला बाटलीवर बसवले, संथ धार धरली. बाहेर एक थेंब सांडला नाही. मित्रांनो, माझ्यातून पहिल्यांदा काहीतरी वाहिले. गार वाटले.

मग मॅडम नावे घेत गेल्या, आणि काकांनी बरोबर ती ती वस्तू उचलून दिली. छोटी वाक्ये त्यांनी नीट म्हटली. लांब वाक्य मध्यावर हातातून सुटले.

"यांना सगळं समजतंय," मॅडम म्हणाल्या. "आत्ताची पिपाणी ही थट्टा होती. नावं मात्र सापडत नाहीयेत. हा वाचेचा आजार दिसतोय, हळूहळू वाढणारा. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू, मग नक्की सांगता येईल. खोटं सांगत नाही, पुढे शब्द आणखी कमी होतील. पण आज हे काम करू शकतात."

काकूंनी भलतेच विचारले. "म्हणजे हे माझ्यावर रागावलेले नाहीत?"

"का रागावतील?"

"दोन वर्षं झाली, माझी एकदाही थट्टा केली नाही. मला वाटलं, मी यांची जुनी सायकल भंगारात दिली म्हणून अबोला धरलाय."

काकांनी मान हलवली. "सायकल... खड... खडखडा. बरं... झालं."

काकू हसल्या. चिरंजीवांनी मुकाट्याने खिशातून दुकानाची किल्ली काढून वडिलांपुढे ठेवली. काकांनी किल्लीकडे पाहिले, मुलाकडे पाहिले, आणि स्वतःच्या खिशातून हुबेहूब तशीच दुसरी काढून तिच्याशेजारी ठेवली.

"ही कधी केलीत?" चिरंजीवांनी विचारले.

काका शब्द शोधू लागले. काकूंनी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मिटले. माझ्या माहितीप्रमाणे लग्नानंतर प्रथमच. सगळे थांबले. पंखा फिरत राहिला.

"तू..." काका म्हणाले. "घोरत... होतास."

त्यानंतर मला पेटीतून काढायची गोष्ट मॅडमनी पुन्हा काढली नाही. उलट सोबतीला ती बाटलीही पेटीत आली. आमचे बरे चालले आहे.

मित्रांनो, माझे वरचे तोंड रुंद आहे आणि खालचे अरुंद. घाईने भसकन ओतले तर सांडते, आणि लोक नरसाळ्याला नावे ठेवतात. थोडे थांबलात तर थेंबन् थेंब पोचतो. तुमच्या घरात कुणी शब्द शोधत असेल तर त्याच्या तोंडात आपला शब्द कोंबू नका. आत भरपूर असते, येईल.

आणि मी कधी तुमच्यासमोर आले आणि माझे नाव आठवले नाही, तर खुशाल पिपाणी वाजवा. मला राग येत नाही.