महिन्याच्या आत परत

ज्या बाईमुळे मी आज स्वतःच्या पायांनी टपाल आणायला जातो, ती डॉक्टर नाही. तिनं कधी माझी नाडी पाहिली नाही. ती सेंट पॉलला राज्याच्या कचेरीत बसून विम्याची बिलं वाचते. असलं काम सांगितलं की लोकांना जांभई येते. मलाही आली असती. हल्ली मात्र मी जांभई देणाऱ्याला धरून ही हकीकत ऐकवतो, त्यामुळे गावातली निम्मी माणसं मला पाहून रस्ता ओलांडतात.

आमचं लुंडबी मिनेसोटाच्या उत्तर टोकाला आहे. धान्याचं एक कोठार, तिथं माझा जन्म गेला. एकमेकांशी भांडून वेगळी झालेली दोन लूथरन चर्च. आणि एक लहानसं इस्पितळ. माझं हृदय थकलं आहे. डॉक्टर त्याला हार्ट फेल्युअर म्हणतात; ऐकणाऱ्याला वाटतं माणूस आटोपलाच. आटोपत नाही. पाय सुजतात, छातीत पाणी साठतं, आडवं पडलं की जीव घुसमटतो. मग डार्ला नावाची आमची नर्स मला भरती करून घेते, सुईतून औषध देऊन पाणी काढते आणि घरी पाठवते. आणि घरी आलं की थोड्याच दिवसांत माझे बूट पुन्हा पायात जाईनासे होतात.

तिसऱ्यांदा भरती झालो तेव्हा डार्ला रडकुंडीला आली होती. इस्पितळातून सुटलेला माणूस महिन्याच्या आत परत आला की तो इस्पितळाच्या नावाला बट्टा धरतात, आणि आमच्या इस्पितळात हृदयाचे रोगी आसपासच्या सगळ्या गावांपेक्षा जास्त परत येत होते. राज्याच्या कचेरीनं तसं छापलंच होतं. आकडे सुधारले नाहीत तर पुढच्या वर्षापासून आमच्यासारख्यांना थेट फार्गो शहराच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं, असं इस्पितळाच्या मंडळानं ठरवलं होतं. बर्फात रस्ता बंद झाला की आम्हाला फार्गो आणि चंद्र सारखेच लांब. मला वाटलं, आपण आता रुग्णवाहिकेतच मरणार.

त्याच आठवड्यात ती बिलं वाचणारी बाई आली. पाकू व्हांग नाव. लाओसकडून आलेल्या हमोंग लोकांपैकी, बुटकी, तिशीतली, मापापेक्षा दोन आकार मोठा कोट घातलेली. डार्लानं विचारलं, कोणी रोगी तिच्याशी बोलेल का? मी म्हटलं, पाठव, मलाही तिला चार शब्द ऐकवायचेत.

"काय गं, त्या बिलांवरून आमच्या डार्लाला वाईट ठरवतेस होय?"

"ठरवत नाही, बघायला आलेय," ती कोट न काढताच खुर्चीवर टेकली. "माझ्याकडे नावं नसतात, आजोबा. कुठल्या भागातलं माणूस भरती झालं, कधी सुटलं, दुकानातून कुठली औषधं घेतली, तपासायला परत कधी गेलं, एवढंच दिसतं. आणि बिलं म्हणतात की इथून गेलेला माणूस गोळ्या वेळेवर घेतो, तपासायला वेळेवर येतो. इतकं चोख काम मला मोठ्या शहरातही दिसलं नाही."

दाराशी उभ्या डार्लाचे डोळे भरून आले. वर्षभरात कुणी तिला बरा शब्द बोललं नव्हतं.

"मग आम्ही परत का येतो?"

"तेच तर. शिवाय लांब शेतावर राहणारा फारसा परत येत नाही. येतो तो इथं गावात, दोन गल्ल्यांवर राहणारा. उलट असायला हवं ना?"

"शेतावरचे लोक काटक. आम्ही गावातले पेन्शनवाले लाडावलेले."

"असेल," ती हसली. "पण कोण लाड करतं तुमचे? घरी गेल्यावर पहिले दिवस कसे जातात, सांगा की."

मग मी सांगितलं. आमच्याकडे कुणी इस्पितळातून सुटलं की गाडीचं इंजिन गार व्हायच्या आत दार वाजतं. सगळ्यात आधी शेजारची लव्हॉन ट्वेटन हॉटडिश घेऊन येते: खाली खिमा, मध्ये डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या वड्या, भट्टीत लालसर भाजलेलं. मग एका चर्चच्या बायका हॅम आणतात. ते कळलं की दुसऱ्या चर्चच्या त्याहून मोठा हॅम आणतात. लोणच्याच्या काकड्या, चीज घातलेले बटाटे. माझ्या फ्रीजचं दार लागत नाही.

"आणि मीठ?" पाकूनं विचारलं.

"मीठ सोडलंय मी," मी ताठ मानेनं म्हणालो. "मिठाची डबी टेबलावरून उचलून माळ्यावर टाकली. लव्हॉनसुद्धा वरून चिमूट घालत नाही. विचार तिला."

पाकूनं डार्लाकडे पाहिलं. डार्ला मटकन पलंगाच्या कडेवर बसली.

"अहो ऑर्डेल, सूपच्या एका डब्यातच तुमचं दिवसभराचं मीठ असतं," ती म्हणाली. "हॅम तर मिठाच्या पाण्यातच मुरवलेला. कागदावर लिहून देतो की आम्ही, कमी मीठ खा म्हणून."

"कमीच खात होतो."

"आणि मागच्या वेळचा तो मोठा हॅम," डार्लानं कपाळाला हात लावला, "माझ्या आईनंच आणला होता. मी गाडीतून उतरवला."

सगळ्या गावाची समजूत एकच: मीठ म्हणजे डबीतलं मीठ. शेतावर एखादी बाई एकदा हॉटडिश पोचवते आणि परत येते. गावात दार रोज वाजतं. आम्ही एकमेकांना मायेनं आजारी पाडत होतो आणि बोल लागत होता डार्लाला.

डार्ला म्हणाली, ती दोन्ही चर्चच्या बायकांना बोलावून समजावेल. "पण लव्हॉनला तिथं चारचौघांत कळायला नको. तिला तुम्हीच सांगा."

लव्हॉनचा नवरा मर्लिन दोन वर्षांपूर्वी गेला, याच दुखण्यानं. तोही असाच परत परत भरती व्हायचा, आणि लव्हॉन त्याला उशीला टेकवून बसवायची आणि स्वतःच्या हातानं भरवायची. माझी बायको आजारी होती तेव्हा हीच लव्हॉन महिनोन्महिने आमच्या घरी राबली. तिला मी काय सांगायचं?

घरी आलो तशी ती आलीच, टॉवेलात गुंडाळलेलं गरम भांडं घेऊन. आमच्याकडे तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचं अशी रीत आहे. मी चौथ्यांदाही नको म्हणालो.

ती थबकली. "काय झालंय, ऑर्डेल?"

मी सांगितलं. सूपचं, हॅमचं, बिलं वाचणाऱ्या पोरीचं. ती झाकणावर हात ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे मर्लिन..."

त्याचं दुखणं निराळं होतं, असं म्हणायचं मी वाटेतच ठरवून ठेवलं होतं. तिच्या तोंडाकडे पाहून खोटं बोलवेना.

"थोडंफार असेल त्यामुळे," मी म्हणालो. "आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं गं. कुणी मोजलंच नव्हतं."

"शेवटच्या दिवशीसुद्धा त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं," ती म्हणाली आणि भांडं उचलून निघून गेली. कोटाची बटणंही लावली नाहीत तिनं.

पुढे कितीतरी दिवस माझं दार वाजलं नाही. चर्चच्या बायका डार्लाचं ऐकून गेल्या होत्या आणि घरोघरी डब्यांवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचत होत्या. माझे पाय सुजले नाहीत. मी रात्री आडवा झोपायला लागलो. आणि लव्हॉनच्या खिडकीत दिवा दिसला की मला स्वतःच्या बरं होण्याची लाज वाटायची.

मग एका दुपारी ती आली. उकडलेली कोंबडी, कांदा, बटाटे, वर शेपू. मिठाचा कण नाही. मी खाल्लं.

"कसं झालंय?"

"वेगळं आहे," मी म्हणालो. आमच्याकडे जेवणाला यापेक्षा वाईट शब्द कुणी वापरत नाही. ती खुदकन हसली आणि मग बराच वेळ रडली. मी भांडी घासली.

पुढच्या हिवाळ्यात पाकूचा डार्लाला फोन आला. लुंडबीचे आकडे उतरले होते, आसपासच्या गावांच्या बरोबरीला आले होते. मंडळानं फार्गोचा बेत सोडला. लव्हॉन माझ्याकडेच बसली होती तेव्हा डार्ला धावत आली आणि तिनं माझ्याच फोनवरून पाकूला पुन्हा फोन लावून दिला. मी आभार मानायला गेलो तर नुसता "पोरी, पोरी" करत राहिलो. तेव्हा लव्हॉननं माझ्या हातातून फोन घेतला.

"तू मागच्या किती वर्षांची बिलं वाचलीस गं?"

पाकूनं सांगितलं, बऱ्याच.

"माझा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. सारखा परत भरती व्हायचा. तो असेल का त्यांत?"

पाकूचा आवाज मलाही ऐकू आला.

"नावं मला दिसत नाहीत, लव्हॉनबाई. पण त्या वर्षांत तुमच्या गावातून जे कुणी परत आले, ते सगळे त्यांत आहेत. म्हणजे तेही आहेतच. एकट्या आजोबांवरून मला काहीच कळलं नसतं. आधीचे सगळे होते, म्हणून तर दिसलं."

लव्हॉननं फोन डार्लाच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा इतका निवांत मी तीन वर्षांत पाहिला नव्हता.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "मर्लिननं तुला वाचवलं."

"हो," मी म्हणालो. "मर्लिननं आणि तू."