सेत्केनचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी खापरी आहे. तळहातावर मावेन एवढीच. पण एके काळी मी अख्खं, गोलमटोल गाडगं होते, यावर विश्वास ठेवा.

मला घडवलं अयाकने. ती मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, दक्षिणेला असलेल्या कुश देशातली, तिचा नवरा देदू मिसरी शिपाई. मिसरच्या राजाच्या फौजेने कुशमधल्या नदीच्या धबधब्यापाशी कच्च्या विटांचा किल्ला बांधला होता, त्याच्या तटाला लागून त्यांचं घर. तीन वर्षं मी तिचं दूध सांभाळलं. "माझं हे गाडगं दूध नासू देत नाही हो!" ती शेजारणींना सांगायची. मला केवढा अभिमान वाटायचा!

एका सकाळी किल्ल्यातला लेखनिक इपी दारात आला.

"वहिनी, तुमचा भाऊ तेराह वरच्या गावाचा मुखिया झाला म्हणे?"

"झालाय ना! बसा, दूध घ्या."

"त्याच्या आईचं नाव काय?"

"सेत्केन. पण आईचं कशाला हो?"

"आमच्यात लागतं. नाहीतर नेमका कोणता तेराह, ते कसं कळणार?"

किल्ला ओलांडून बाजाराला जायचं तर कुशच्या माणसाला परवाना लागे. भावासाठी तोच लिहितायत, असं त्या भाबडीला वाटलं. इपीने एक चांगलं गाडगं मागितलं, तर तिने हौसेने मलाच पुढे केलं.

इपीने माझ्या पोटावर तांबड्या शाईने लिहिलं, 'कुशचा तेराह, सेत्केनच्या पोटचा, आणि त्याचे सगळे सोबती.' फौज निघण्याआधी शत्रूचं नाव गाडग्यावर लिहून ते फोडायचं, म्हणजे शत्रूही मोडतो, अशी त्यांची रीत. फौज वरच्या गावावरच निघाली होती.

वाळूत सगळे जमले. पुजाऱ्याने नावं मोठ्याने वाचली. आईचं नाव ऐकताच अयाक किंचाळली, "अहो, थांबा! ती माझी आई आहे!"

देदूने तिला घट्ट धरलं. "गप्प बस गं, पाया पडतो तुझ्या. आपल्यालाही सोडणार नाहीत."

दगड पडला. माझे तुकडे तुकडे झाले.

फौज गेल्यावर अयाक परत आली. तिला वाचता येत नव्हतं. आईचं नाव कोणत्या तुकड्यावर, कसं कळणार? म्हणून तिने दिसले तेवढे सगळे तुकडे टोपलीत भरले, नदीवर नेले आणि अंगठा सोलवटेपर्यंत शाई घासली. शाई गेली तर गाव वाचेल, एवढीच तिची आशा. "आई, मीच गं सांगितलं. मीच," असं ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

एक तुकडा मात्र शिपायांच्या पायांखाली वाळूत रुतून राहिला. तो मी. सेत्केनचं नाव माझ्यावरच आहे.

दहाव्या दिवशी फौज परतली. पुढे तेराहच्या गाई होत्या. अयाकने त्या शिंगांवरून ओळखल्या. गाईंच्या मागे गावातलं एकही माणूस नव्हतं.

हजारो वर्षांनी मला कुणीतरी उकरून काढलं. आता मी काचेआड असते, आणि येणारेजाणारे म्हणतात, "हे बघा, शत्रूचं नाव." मित्रांनो, मला जपा, माझी शाई आता फार फिकी झाली आहे. पण कधी वाचायला आलात, तर एवढं करा. सेत्केन, अयाकची आई, असं वाचा.